ओझं किती, रस्ता कसा? मग ठरवा गाडी कोणती!



गटाच्या बैठकीत गाडी घेण्याचा विषय निघाला की बोलणं लगेच दोनच गोष्टींवर येतं. किंमत किती आणि कर्ज किती मिळेल? गाडी कोणत्या घडणीची हवी, यावर मात्र कुणी फारसं बोलत नाही. शेजारच्या गावातल्या गटाने तीनचाकी घेतली म्हणून आपणही तीनचाकी घ्यायची, असं ठरतं. मग ती गाडी चढावर ओढवत नाही, पाणंदीत रुतते किंवा एकट्या बाईला वळवता येत नाही. गाडी गोठ्यात उभी राहते आणि तिचा हप्ता मात्र दर महिन्याला भरावाच लागतो.

म्हणून या अंकात पायाने चालवायच्या आणि छोट्या बॅटरीच्या मालगाड्यांची माहिती देत आहोत. डेअरीला दूध, बाजाराला भाजी, गिरणीला दळण, शाळेला पोषण आहाराचा माल, नळावरून पाणी, रानातून वैरण अशी ओझी आपण रोज वाहतो. त्यातली बरीच अजून डोक्यावरच असतात. चांगली गाडी ती उतरवते. चुकीची गाडी घेतली तर डोक्यावरचं ओझं तसंच राहतं आणि वर कर्जाचं ओझं येतं.

आधी ओझं मोजा

दुकानात जाण्याआधी आठवडाभर वहीत लिहा: काय नेलं, किती किलो, किती अंतर, आठवड्यातून किती वेळा. वजनकाटा नसेल तरी अंदाज काढता येतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दूध पाण्याहून किंचित जड असतं, म्हणजे २० लिटरचे दोन कॅन भरले की ४० किलोच्या वर आणि कॅनचं वजन वेगळं. टोमॅटोचं भरलेलं कॅरेट साधारण २० ते २२ किलोचं. कांद्याची गोणी ५० किलोच्या आसपास. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो असतो, पण टाकीसकट तो जवळपास ३० किलो भरतो.

माल नुसता जड आहे की जागा खाणारा आहे, हेही लिहा. पापड-कुरडया, पत्रावळी, वैरण हा माल वजनाला हलका पण जागा खूप घेतो. त्याला मोठा हौदा लागतो. दूध, पाणी, धान्य जागा कमी घेतं, पण जड असतं. त्याला मजबूत चाकं लागतात. या दोन्ही कामांना एकच गाडी सारखी चांगली असेल असं नाही.

मग रस्ता मोजा

गाडी सपाट डांबरीवर किती ओढते हे दुकानदार सांगतो. आपल्या गावात चढ आहे, मुरूम आहे, पावसाळ्यात चिखल आहे, ते तो सांगत नाही. आणि सगळा फरक तिथेच पडतो.

हे थोडं आकड्यांत बघू. रोज कष्टाची सवय असलेलं माणूस तासभर न थकता पॅडल मारतं तेव्हा साधारण ७५ वॉटची ताकद लावतं. आता समजा बाई, गाडी आणि माल मिळून एकूण वजन २०० किलो आहे.

चांगल्या सपाट डांबरीवर ही गाडी पुढे ढकलायला साधारण ४ किलोचा जोर लागतो. तेवढ्या ताकदीत गाडी तासाला सात किलोमीटरच्या आसपास जाते, म्हणजे चालण्याहून जलद. तीच गाडी सपाट पण कच्च्या रस्त्यावर आणली तर जोर १० किलोच्या आसपास लागतो आणि वेग तीन किलोमीटरच्याही खाली येतो. आता डांबरी रस्ताच, पण २० फुटांत एक फूट चढणारा. इथे चढासाठी १० किलो आणि नेहमीचा ४ किलो, असा १४ किलोचा जोर लागतो. वेग तासाला जेमतेम दोन किलोमीटर. म्हणजे बाई खाली उतरून गाडी ढकलत जाणार.

अशा चढावर गाडीचा दर्जा कितीही चांगला असला तरी फक्त पायाच्या ताकदीवर २०० किलो चढत नाही. यात गाडीचा किंवा बाईचा दोष नाही, हा वजनाचा हिशेब आहे. तिथे ओझं कमी करा, खेपा वाढवा, जोडीने ढकला किंवा बॅटरी लावा. हे चारच मार्ग आहेत.

चढ मोजणं सोपं आहे. दोन मीटर लांबीची सरळ पट्टी किंवा बांबू घ्या. एक टोक रस्त्यावर चढाच्या बाजूला टेकवा, दुसरं टोक उताराच्या बाजूला उचलून धरा. पट्टीवर पाण्याने अर्धी भरलेली बाटली आडवी ठेवा. बाटलीतलं पाणी दोन्ही टोकांना सारखं दिसलं की थांबा. उचललेलं टोक जमिनीपासून किती वर आहे ते टेपने मोजा. दोन मीटरला १० सेंटिमीटर आलं तर तो वीसात एकचा चढ. १० पेक्षा जास्त आलं तर तीनचाकीचा विचार करताना दहा वेळा थांबा. कोकणातल्या वाड्यांमध्ये आणि सह्याद्रीच्या कुशीतल्या गावांत असे चढ पावलोपावली आहेत. विदर्भ-मराठवाड्याच्या सपाटीवर चढ कमी, पण काळ्या मातीचा चिखल चाक आणि मडगार्डच्या मध्ये भरतो आणि चाकच फिरेनासं होतं. तिथे मडगार्ड आणि चाक यांच्यात चांगली तीन-चार बोटांची जागा हवी, नाहीतर पावसाळ्यापुरतं मडगार्ड काढून ठेवायचं.

आता गाड्या एकेक करून बघू.

१. साधी काळी सायकल, मागे मजबूत कॅरिअर

२८ इंची चाकाची जुन्या पद्धतीची सायकल अजूनही सगळ्यात स्वस्त मालगाडी आहे. तिची घडण बघा: पुढच्या चाकाला ३२ स्पोक असतात आणि मागच्याला ४०. बनवणाऱ्याने मागे ओझं येणार हे धरूनच ती केली आहे. तिचं स्वतःचं वजन २० किलोच्या आसपास, म्हणजे आपली ताकद गाडी ओढण्यात वाया जात नाही. पंक्चर कोणत्याही गावात निघतं.

दूधवाले कॅन कॅरिअरच्या वर न ठेवता दोन्ही बाजूंना खाली अडकवतात. त्यामागे कारण आहे. ओझं जितकं खाली, तितकी सायकल कमी डुलते. दोन्ही बाजूंना वजन सारखं असेल तर हँडल एका बाजूला ओढत नाही. ओझं मागच्या चाकाच्या आसाच्या मागे गेलं तर पुढचं चाक हलकं होऊन हँडल थरथरायला लागतं. म्हणून जड वस्तू सीटच्या जितक्या जवळ येईल तितकी आणा.

सवय असलेल्या बाईने ४० किलोपर्यंत माल बसून नेणं ठीक. त्याहून जास्त माल असेल तर सायकल उभी करताना, चढताना आणि उतरताना तोल जातो. पडापड चालताना कमी होते, गाडी उभी असताना जास्त होते. म्हणून मधला एका पायाचा स्टँड नको, मागचं चाक उचलून धरणारा दोन पायांचा रुंद स्टँड हवा.

ओझं फारच वाढलं की सायकलवर बसायचंच नाही, हे जुनं शहाणपण आहे. झारखंडमध्ये कोळसा वाहणारी माणसं एका सायकलवर दोनशे किलोच्या वर पोती लादतात आणि सायकल ढकलत मैलोन्‌मैल चालतात. व्हिएतनामच्या लोकांनी १९५४ साली दिएन बिएन फूच्या लढाईत डोंगरातून असाच हजारो सायकलींवरून दाणागोटा नेला. त्यांनी हँडलला आणि सीटच्या दांड्याला बांबू बांधला होता, म्हणजे बाजूने चालत सायकल वळवता येई आणि तोलता येई. तुमची वाट अरुंद असेल, बांधावरची असेल, तिथे ही युक्ती आजही उपयोगाची आहे. पण झारखंडमधल्या त्या माणसांच्या पाठीची आणि गुडघ्यांची काय दशा होते तेही लक्षात ठेवा. शक्य आहे म्हणून रोज करावं असं नाही.

लेडीज सायकल घ्यावी की जेन्ट्स? तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवण्याची चळवळ झाली. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकथ यांनी तिला जोर दिला आणि हजारो ग्रामीण बायका सायकल शिकल्या. लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा बायकांनी जेन्ट्स सायकली घेतल्या, आणि काहींना त्याच जास्त आवडल्या, कारण आडव्या दांड्यावर लेकरू बसवता येत होतं. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे लिहून ठेवलं आहे. मालाच्या दृष्टीने आडवा दांडा असलेली फ्रेम जास्त ताठ असते, हे खरं. पण मागे ओझं असताना पाय वरून टाकून चढणं कठीण जातं. साडी नेसून माल वाहणार असाल तर खाली वाकलेल्या दांड्याची सायकल, पूर्ण झाकलेलं चेनकव्हर आणि मागच्या चाकाला जाळी, या तीन गोष्टी आवर्जून घ्या. पदर चेनमध्ये अडकून होणारा अपघात छोटा नसतो.

२. सायकलमागे जोडायची ट्रॉली

दोन चाकांची छोटी ट्रॉली सायकलच्या मागे आकड्याने जोडतात. गावातला वेल्डिंगवाला ती जुन्या सायकलच्या चाकांवर बनवून देऊ शकतो. हिचा मोठा फायदा म्हणजे ओझ्याचा भार सायकलवर फारसा येत नाही, जमिनीवर जातो. माल नसेल तेव्हा ट्रॉली सोडून ठेवायची, सायकल लेकीला शाळेला मोकळी. आकडा काढून ट्रॉली हाताने ओढली की तीच हातगाडी.

बनवून घेताना दोन गोष्टींवर अडून राहा. पहिली म्हणजे जोड खाली, मागच्या चाकाच्या आसाजवळ हवा. सीटच्या दांड्याला जोडली तर बनवायला सोपी जाते, पण वळताना ट्रॉली सायकलला वरून ओढते आणि पाडते. दुसरी, हौद्यातलं ओझं ट्रॉलीच्या आसाच्या किंचित पुढे ठेवायचं. मागे गेलं तर दांडी वर उचलते, फार पुढे आलं तर सगळा भार सायकलवर.

ट्रॉलीचा दोष उतारावर कळतो. तिला सहसा स्वतःचा ब्रेक नसतो. आपण सायकलचा ब्रेक दाबला की मागची ट्रॉली सायकलला ढकलते, आणि वळणावर असाल तर मागचं चाक बाजूला सरकवते. म्हणून उतार आणि वळण असलेल्या रस्त्यावर ट्रॉलीत ५०–६० किलोच्या वर माल नको, आणि उतरताना खाली उतरून हाताने धरून चालायचं.

३. तीनचाकी, हौदा पुढे

आइस्क्रीमवाल्याची गाडी आठवा. दोन चाकं पुढे, मध्ये पेटी, मागे एक चाक आणि सीट. माल डोळ्यासमोर राहतो, चोरी होत नाही, गिऱ्हाईकाला थेट विकता येतं. गाडी जागेवर उभी राहते, तोल सांभाळावा लागत नाही. वडापाव, चहा, इडली, भाजी, कटलरी अशा फिरत्या धंद्याला ही उत्तम. डेन्मार्कमध्ये बायका-पुरुष अशाच गाड्यांतून मुलं आणि बाजारहाट नेतात.

अडचण वळण्याची. बहुतेक अशा गाड्यांत वळताना पूर्ण पेटीच वळवावी लागते. १०० किलोची पेटी हाताने वळवणं म्हणजे खांदे भरून येणार. वेगात असताना एक चाक खड्ड्यात गेलं तर हँडल हातातून हिसकतं. त्यामुळे ही गाडी सपाट, बऱ्या रस्त्याची आणि हळू चालण्याची. गावातून बाजारपेठेत रोज आठ-दहा किलोमीटर जायचं असेल तर ही घेऊ नका.

४. तीनचाकी, हौदा मागे

ही आपली ओळखीची लोडिंग रिक्षा. पुढे सायकलसारखं एक चाक, मागे दोन चाकांवर हौदा. दीडशे-दोनशे किलो माल सपाट रस्त्यावर ही नेते. वळवायला पुढच्या प्रकारापेक्षा सोपी, कारण ओझं हँडलवर नसतं.

पण हिचं रिकामं वजनच ऐंशी किलोच्या आसपास असतं, म्हणजे माल भरण्याआधीच आपण दीड क्विंटलच्या जवळ पोचतो. बऱ्याच गाड्यांत गिअर नाही, ब्रेक फक्त पुढच्या चाकाला आणि चेनची ताकद मागच्या एकाच चाकाला जाते. ओल्या मातीत ते एक चाक जागेवर फिरत राहतं.

आपल्याच सातारा जिल्ह्यात, फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत, डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायकल रिक्षावर बरंच काम केलं. पिढ्यान्‌पिढ्या रिक्षाची घडण जवळजवळ बदललेली नाही आणि ओढणाऱ्याच्या शरीराचा विचारच त्यात नाही, हे त्यांनी दाखवलं. त्यांच्या सुधारित रिक्षात गिअर होते, मागच्या चाकांना ब्रेक होता आणि चेनची लांबी कमी केली होती. पुढे त्यांनी मोटरची मदत असलेली आणि पूर्ण बॅटरीवरची रिक्षाही तयार केली. त्यांच्या कामातून आपण एवढं घ्यायचं: दुकानात तीनचाकी बघताना गिअर आहे का, मागे ब्रेक आहे का, हे दोन प्रश्न पहिले विचारायचे. दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर मागचा ब्रेक बसवून मगच गाडी ताब्यात घ्यायची.

आणखी एक. दोनचाकी सायकल वळताना आपण आतल्या बाजूला झुकतो, म्हणून ती पडत नाही. तीनचाकी झुकत नाही. वेगात वळली की बाहेरच्या बाजूला कलंडते. रस्त्याची कड खाली असेल तर उभ्या-उभ्याही कलंडते. म्हणून जड माल तळाला, हलका वर. आणि मालाची थप्पी मागच्या दोन चाकांमध्ये जेवढं अंतर आहे त्याहून उंच रचायची नाही. वैरण हलकी असते म्हणून तिला थोडी सूट, पोत्यांना अजिबात नाही.

५. बॅटरीची मदत

वर बघितलं की २०० किलो वजन वीसात एकच्या चढावर पायाने तासाला दोन किलोमीटर जातं. त्याला २५० वॉटची मोटर जोडली की तोच वेग सहा-सात किलोमीटर होतो. बाईला उतरून ढकलावं लागत नाही. चढाच्या गावात खरा फरक इथेच पडतो.

यात दोन वेगळे प्रकार आहेत आणि कायद्याच्या नजरेतही ते वेगळे आहेत. पॅडल मारताना २५० वॉटपर्यंतची मोटर मदत करते आणि ताशी २५ किलोमीटरला मदत थांबते, अशी सायकल मोटार वाहन धरली जात नाही. तिला नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. तिच्यासोबत त्या प्रकाराच्या चाचणीचा दाखला मात्र मागून घ्या. दुसरा प्रकार म्हणजे ई-कार्ट, पॅडल नसलेली तीनचाकी मालगाडी. तिला ३१० किलोपर्यंत माल नेण्याची परवानगी आहे आणि तिचा वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंतच असतो. पण तिला आरटीओची नोंदणी, विमा आणि चालवणाऱ्या बाईला लायसन्स लागतं. ‘काही लागत नाही ताई’ असं सांगणाऱ्या विक्रेत्याकडून ते लिहून घ्या, बघा तो लिहून देतो का!

बॅटरी किती चालेल याचाही हिशेब करता येतो. बॅटरीवर व्होल्ट आणि अँपिअर-तास लिहिलेले असतात. दोन्हींचा गुणाकार करा. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तास म्हणजे ३६० वॉट-तास. २५० वॉटची मोटर पूर्ण जोराने चालली तर ही बॅटरी जेमतेम दीड तास पुरते. १००० वॉट-तास म्हणजे विजेचं एक युनिट, म्हणजे ही बॅटरी भरायला अर्ध्या युनिटच्या आत-बाहेर वीज लागते. वीजबिल फार येत नाही. खरा खर्च बॅटरी बदलण्याचा. शिशाची बॅटरी स्वस्त पण फार जड, आणि रोजच्या वापरात एक-दीड वर्षातच दम तोडते. लिथियमची महाग, हलकी आणि जास्त टिकते. कर्जाचा हप्ता संपायच्या आधी बॅटरी संपणार असेल, तर नव्या बॅटरीचे पैसे पहिल्या महिन्यापासून वेगळे काढायला हवेत.

कोणतीही गाडी घ्या, हे कराच

*सोपा गिअर.* गिअर नसलेल्या काळ्या सायकलला पुढे सहसा ४४ दात्यांचं चक्र आणि मागे १८ दात्यांचं फ्रीव्हील असतं. मागे २२ दात्यांचं बसवून मिळालं तर पॅडलवरचा जोर जवळपास अठरा टक्क्यांनी कमी होतो. वेग तेवढाच कमी होतो, पण माल नेताना वेग कुणाला हवा असतो? थोड्या खर्चात होणारी ही सुधारणा आहे.

*ब्रेक.* वजन वाढलं की गाडी थांबायला जास्त अंतर लागतं, आणि वेग दुप्पट झाला तर अंतर चौपट होतं. काळ्या सायकलचा दांडीचा ब्रेक ओल्या चाकावर घसरतो. पावसाळ्यात उतारावर आधीपासून हळू या, शेवटी दाबू असं म्हणू नका.

*हवा.* टायर दाबून बघायची सवय लावा. मऊ टायरवर ओझं ओढलं तर जोर वाढतो, आणि ट्यूब रिंगखाली चेंगरून फाटते.

*दिवे आणि चमकपट्टी.* बाजार उरकून परत येईपर्यंत अंधार पडतो. उसाच्या हंगामात रस्त्यावर ट्रॅक्टरची रांग असते. मागे लाल चमकपट्टी आणि पुढे टॉर्च नसलेली गाडी संध्याकाळी बाहेर काढायची नाही, असा ठरावच करा.

पैशाचा हिशेब

समजा गाडी २४,००० रुपयांना पडली. गटातून १२ महिन्यांसाठी, महिना एक टक्का घटत्या व्याजाने कर्ज घेतलं. महिना २,००० मुद्दल आणि वर्षाचं व्याज १,५६०. टायर-ट्यूब, दुरुस्तीला महिना ३०० धरले तर वर्षाचे ३,६००. पहिल्या वर्षाचा एकूण खर्च २९,१६० रुपये.

आता आज भाड्याच्या टेम्पोला काय देता? समजा खेपेला २५० रुपये आणि महिन्याला आठ खेपा, म्हणजे वर्षाला २४,००० वाचतात. पहिल्या वर्षी ५,१६० रुपये पदरचे जातात, पण सोळाव्या महिन्यात गाडीने आपले पैसे फेडलेले असतात. त्यानंतर महिना १,७०० रुपये शिल्लक.

पण महिन्याला चारच खेपा असतील तर? वर्षाला वाचतात फक्त १२,०००. मग तीच गाडी फिटायला तीन वर्षं लागतात. अशा वेळी एकटीने गाडी घेऊ नका. गटाची किंवा ग्रामसंघाची गाडी घ्या आणि अवजार बँकेसारखी भाड्याने फिरवा. आमचे २५० आणि २४,००० हे आकडे फक्त उदाहरणाचे आहेत. तुमच्या गावचे आकडे घालून हिशेब सीआरपी ताईंकडून किंवा लिपिकेकडून पुन्हा करून घ्या, आणि तीन दुकानांची लेखी कोटेशनं घ्या.

गाडी कोणाच्या हातात?

हा प्रश्न शेवटी आला, पण महत्त्वाला शेवटचा नाही. गाडी बाईच्या नावाच्या कर्जावर येते. महिन्याभरात ती घरातल्या पुरुषाच्या कामाला लागते आणि बाई पुन्हा डोक्यावर पाटी घेऊन चालते, असं कितीदा होतं ते तुम्हालाच माहीत आहे. घरच्यांनी गाडी वापरावी, त्याला हरकत नाही. पण आधी बाईची खेप. म्हणून गाडी घेण्याआधीच नियम लिहा: चावी किंवा कुलूप कुणाकडे, कोणत्या दिवशी कुणाची पाळी, भाडं किती, पंक्चर कुणाच्या पाळीत झालं तर पैसे कुणाचे.

आणि चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. दुकानाच्या दारातल्या सिमेंटवर एक चक्कर मारून काही कळत नाही. जी बाई गाडी चालवणार आहे, तिनेच, तिच्या नेहमीच्या साडीत, भरल्या पोत्यांसकट, तुमच्या गावच्या सगळ्यात वाईट चढावर चालवून बघायची. मग उतारावर थांबवून बघायची. दुकानदार एवढ्याला तयार नसेल तर शेजारच्या ज्या गावात तशी गाडी आहे तिथे जा आणि तिथल्या बाईला विचारा.

पुढच्या बैठकीत वही उघडून या सात प्रश्नांची उत्तरं लिहा:

१. एका खेपेला जास्तीत जास्त किती किलो?
२. माल जड आहे की जागा खाणारा?
३. जाऊन-येऊन किती किलोमीटर, आणि महिन्याला किती खेपा?
४. सगळ्यात मोठा चढ दोन मीटरला किती सेंटिमीटर?
५. पावसाळ्यात तो रस्ता चालू असतो का?
६. दुरुस्तीचा माणूस किती अंतरावर आहे?
७. गाडी चालवणारी बाई कोण, आणि तिने ती चालवून बघितली का?

४० किलोच्या आत ओझं आणि अरुंद वाट असेल तर सायकल. अधूनमधून मोठं ओझं असेल तर ट्रॉली. गावातल्या गावात विक्री करायची तर पुढे हौदा. सपाट रस्त्यावर रोजचा जड माल असेल तर मागे हौदा. रोजचा चढ असेल तर बॅटरीची मदत. आणि सातव्या प्रश्नाचं उत्तर कोरं असेल, तर कर्जाचा अर्ज त्या महिन्यापुरता बाजूला ठेवा.